नॉर्वेची आडनावे: बापाचे नाव आणि शेतवाडीचे नाव

नॉर्वेमध्ये प्रत्येक कुटुंबाला एकच, कायमचे आणि पिढ्यान्‌पिढ्या चालणारे आडनाव असले पाहिजे, हे ९ फेब्रुवारी १९२३ च्या कायद्याने ठरवले. तोपर्यंत देशातील बहुसंख्य लोकांना आजच्या अर्थाचे आडनावच नव्हते. राजधानीतील व्यापारी, बंदरांतील जहाजमालक, धर्मगुरू आणि सरकारी अधिकारी यांच्या घराण्यांत ते होते. शेतकरी, कोळी आणि मजूर यांना बापाचे नाव आणि राहत्या जागेचे नाव एवढे पुरत असे. त्यामुळे नॉर्वेतील बहुतेक कुटुंबांचे आडनाव ‘आडनाव’ म्हणून शंभर-दीडशे वर्षांपलीकडे जात नाही. त्या आडनावात अडकून राहिलेला शब्द मात्र कित्येकदा हजार-दीड हजार वर्षांचा निघतो. या देशाच्या आडनावांचा इतिहास म्हणजे मुख्यतः जमिनीचा इतिहास आहे.

जुन्या पद्धतीत माणसाच्या नावाचे तीन भाग असत. पहिला बाप्तिस्म्याचा, दुसरा बापाच्या नावावरून आलेला आणि तिसरा तो ज्या शेतवाडीवर राही तिचा. ओले हान्सेन हौगेन म्हणजे हान्सचा मुलगा ओले, हौगेन वाडीवर राहणारा. त्याच्या मुलाचे नाव लार्स असेल तर तो लार्स ओल्सेन, आणि मुलगी बेरित असेल तर ती बेरित ओल्सदत्तर, म्हणजे ओलेची मुलगी. बापाचे नाव असे दर पिढीला बदले. लग्न झाले तरी बेरितचे ओल्सदत्तर सुटत नसे, कारण नवरा बदलला म्हणून बाप बदलत नाही. एकाच घरात नवरा हान्सेन, बायको ओल्सदत्तर, मुलगा ओल्सेन आणि मुलगी ओल्सदत्तर असे चार जण असत आणि त्यात कोणालाही गोंधळ वाटत नसे. १८०१ च्या जनगणनेत देशभरातील माणसांची नावानिशी नोंद झाली. ती पाने वाचताना हीच रचना घरामागून घर दिसत जाते.

‘सेन’ हा प्रत्यय मुळात ‘सोन’, म्हणजे मुलगा. मध्ययुगीन नॉर्वेत राजा हाकोनचा मुलगा हाकोन असेल तर तो हाकोन हाकोनारसोन. पुढे नॉर्वे डेन्मार्कच्या राजाच्या अमलाखाली गेला, चर्चची आणि कचेरीची लिखित भाषा डॅनिश झाली आणि ती १८१४ मध्ये डेन्मार्कशी संबंध तुटल्यानंतरही बराच काळ तशीच राहिली. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून गावोगावच्या धर्मगुरूंना जन्म, लग्न आणि मृत्यू यांच्या नोंदवह्या ठेवाव्या लागत होत्या. खेड्यातला माणूस तोंडाने काहीही म्हणो, वहीत डॅनिश वळणाचे ‘सेन’ उमटे. शेजारच्या स्वीडनमध्ये ‘सोन’ टिकले आणि नॉर्वेत ‘सेन’ रूढ झाले, त्याचे मोठे कारण धर्मगुरूंची लेखणी.

हान्सेन हे आजही नॉर्वेतील सर्वाधिक आढळणारे आडनाव आहे. ते लावणारे सुमारे पन्नास हजार लोक आहेत. त्यामागे योहानसेन, ओल्सेन, लार्सेन, आंडेरसेन, पेडेरसेन, निल्सेन ही नावे येतात. या यादीकडे नीट पाहिले तर ख्रिस्ती धर्म नॉर्वेत किती खोल मुरला ते कळते. हान्स, योहान, येन्स आणि योन ही चारही नावे योहान्नेस या एकाच बायबलमधील नावाची रूपे आहेत. म्हणजे हान्सेन, योहानसेन, येन्सेन, योन्सेन आणि योहान्नेसेन ही पाच आडनावे मुळात एकच. पेडेर आणि पेटेर म्हणजे संत पीटर, लार्स म्हणजे संत लॉरेन्स, निल्स म्हणजे संत निकोलस, आंडेर्स म्हणजे संत अँड्र्यू. या गर्दीत ओले हे ठळकपणे देशी नाव आहे. ते ओलाव्हचे बोलीतले रूप, आणि त्याच्या लोकप्रियतेचे कारणही धार्मिकच आहे: १०३० मध्ये स्तिक्लेस्ताच्या लढाईत मारला गेलेला राजा ओलाव्ह हाराल्डसोन पुढे नॉर्वेचा संत ठरला.

पहिल्या मुलाला आजोबाचे नाव देण्याची चाल सर्वत्र होती, म्हणून तीच ती मोजकी नावे फिरत राहत. एका चर्चच्या हद्दीत पाच-सहा ओले हान्सेन असणे नेहमीचे. त्यांना वेगळे ओळखण्याचे काम तिसऱ्या भागाने, शेतवाडीच्या नावाने केले.

इथे नॉर्वेची जमीन समजून घ्यावी लागते. देशाच्या एकूण क्षेत्रफळापैकी पिकाखाली येण्याजोगी जमीन जेमतेम तीन टक्के आहे. डोंगर, खोल समुद्रखाड्या आणि जंगल यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यांत ती तुकड्यातुकड्यांनी विखुरलेली आहे. त्यामुळे घरे दाटीने एकत्र वसलेली खेडी इथे फारशी तयार झाली नाहीत. प्रत्येक कुटुंब आपापल्या जमिनीच्या तुकड्यावर राहिले, आणि त्या तुकड्यासह घर, गोठा व कोठार मिळून जी शेतवाडी होई तिला स्वतःचे नाव असे. ते नाव माणसाचे नसून जागेचे होते. हौगेनवरचा ओले जमीन विकून बाक्केन वाडीवर गेला की तो ओले हान्सेन बाक्केन होई. जावई सासऱ्याच्या वाडीवर राहायला गेला तर त्याला सासऱ्याच्या वाडीचे नाव लागे. सख्खे भाऊ वेगवेगळ्या वाड्यांवर राहत असले तर त्यांची शेवटची नावे वेगळी असत, आणि एकाच वाडीवरचा मालक व गडी रक्ताचे नाते नसताना एकाच नावाने ओळखले जात. आजचे वंशावळकार इथेच फसतात. समान आडनाव दिसले की ते नाते गृहीत धरतात, पण जुन्या नोंदींत ते नाव फक्त पत्ता सांगत असते.

या वाड्यांच्या नावांचा सर्वांत मोठा अभ्यास ओलुफ रीघ या इतिहासकाराने केला. १८३३ मध्ये जन्मलेला हा माणूस पुराणवस्तूंचाही जाणकार होता. सरकारी जमीन-नोंदवहीतील नावांचे लेखन सुधारण्याच्या कामावर त्याची नेमणूक झाली आणि त्यातून ‘नॉर्वेतील शेतवाड्यांची नावे’ हा अनेक खंडांचा ग्रंथ उभा राहिला. त्याचे प्रकाशन १८९७ मध्ये सुरू झाले. रीघ १८९९ मध्ये वारला, तरी सहकाऱ्यांनी काम पुढे नेऊन तडीस लावले. प्रत्येक वाडीचे नाव जुन्या कागदपत्रांत कसे लिहिले आहे, स्थानिक लोक ते कसे उच्चारतात आणि मूळ अर्थ काय असावा, हे तिन्ही त्यात एकत्र आले. आजही नॉर्वेजियन माणूस आपल्या आडनावाचा अर्थ शोधू लागला की पहिल्यांदा याच ग्रंथाकडे वळतो, आणि ते योग्यच आहे.

ही नावे थरांनी साचलेली आहेत. सर्वांत खालच्या थरात एकाच शब्दाची नावे येतात: विक म्हणजे छोटी खाडी, नेस म्हणजे समुद्रात घुसलेले टोक, बर्ग म्हणजे डोंगर किंवा खडक, हौग म्हणजे टेकाड, ली म्हणजे उतार, दाल म्हणजे दरी. पहिल्यांदा वस्ती करणाऱ्याला शेजारी नव्हता, म्हणून त्याला एवढेच नाव पुरले. संयुक्त राष्ट्रांचे पहिले सरचिटणीस त्रिग्वे ली यांचे आडनाव याच थरातले.

त्यानंतर ‘विन’ आणि ‘हेइम’ ही शेवटपदे येतात. विन म्हणजे कुरण. बर्गेन शहराचे जुने नाव ब्यॉर्गविन, म्हणजे डोंगरांमधले कुरण. एकोणिसाव्या शतकातील कवी आस्मुंड ओलाव्हसोन विन्ये याच्या नावात तिन्ही भाग जुन्या क्रमाने आहेत आणि शेवटच्या भागात हेच कुरण आहे, कारण तेलेमार्कमधील विन्ये हे त्याचे गाव. हेइम म्हणजे घर, वस्ती. ते सोलहेइमसारख्या नावांत स्पष्ट दिसते. अनेक ठिकाणी मात्र झिजून ‘उम’ किंवा ‘एम’ एवढेच उरले आहे. ऑस्लोशेजारचे बेरुम हे मुळात बर्गहेइम, आणि त्र्योंडेलागमधील सोलेम हे सोलहेइमचेच भावंड.

या नावांचे वय ठरवण्याची एक सुंदर पद्धत अभ्यासकांना सापडली. इ. स. ८७० च्या सुमारास नॉर्वेतून लोक आइसलँडला जाऊन वसू लागले आणि जाताना नाव ठेवण्याच्या सवयी बरोबर घेऊन गेले. आइसलँडमध्ये ‘विन’ची नावे जवळजवळ नाहीत, ‘स्ताद’ आणि ‘लांड’ची भरपूर आहेत. याचा अर्थ वायकिंग काळ येईपर्यंत ‘विन’ लावून नवे नाव देण्याची पद्धत मागे पडली होती आणि ‘स्ताद’, ‘लांड’ जोरात होते. स्ताद म्हणजे ठिकाण, वस्ती. त्याच्या आधी बहुधा एखाद्या माणसाचे नाव असते. लांड म्हणजे जमिनीचा तुकडा; नैर्ऋत्येकडील रुगालांड आणि आग्देर भागांत ही नावे दाट आहेत. फुटबॉलपटू एर्लिंग हालांडच्या घराण्याची मुळे रुगालांडमध्येच आहेत.

लोकसंख्या वाढली तशी जंगले तुटू लागली आणि त्यातून ‘रुद’ आणि ‘त्वेइत’ आले. रुद म्हणजे झाडे तोडून मोकळी केलेली जमीन. पूर्व नॉर्वेत ही नावे हजारोंनी आहेत, आणि त्यांच्या आधी अनेकदा योन, पोल यांसारखी ख्रिस्ती माणसांची नावे लागतात. म्हणून ती धर्मांतरानंतरच्या शतकांतली ठरतात. योनस्रुद म्हणजे योनने तोडलेले रान. त्वेइत हा त्याच अर्थाच्या जवळचा शब्द, पण दक्षिण आणि पश्चिमेकडचा. कुऱ्हाडीने जमीन मिळवणाऱ्या पहिल्या माणसाचे नाव त्या जमिनीला आणि तिथून कित्येक शतकांनी अनोळखी कुटुंबांना लागावे, ही या इतिहासातील विलक्षण गोष्ट आहे. सोलबर्ग, सोल्ली, सोलबाक्केन या नावांतला ‘सोल’ म्हणजे सूर्य. जिथे हिवाळ्यात सूर्य जेमतेम क्षितिजावर येतो, तिथे दरीच्या कोणत्या बाजूला ऊन पडते यावर जमिनीचे मोल ठरते.

मग १३४९ साल आले. काळ्या मृत्यूची साथ इंग्लंडहून आलेल्या जहाजातून बर्गेनला उतरली आणि देशभर पसरली. पहिल्या साथीने आणि नंतरच्या लाटांनी मिळून लोकसंख्या निम्म्याहून खाली आली, असा बहुतेक इतिहासकारांचा अंदाज आहे. उरलेली माणसे चांगल्या जमिनीकडे सरकली. डोंगरउतारावरच्या आणि जंगलकडेच्या हजारो वाड्या ओस पडल्या, काही ठिकाणी दोनशे वर्षे. सोळाव्या आणि सतराव्या शतकांत माणसे पुन्हा वाढली आणि त्या जागा कसायला नवे लोक आले, तेव्हा कित्येक ठिकाणी जुने नाव सांगणारे कोणी उरले नव्हते. लोक त्या जागेला नुसतेच ‘ओदेगार्ड’ म्हणत, म्हणजे ओस पडलेली वाडी. तेच नाव टिकले. नॉर्वेच्या फुटबॉल संघाचा कर्णधार मार्टिन ओडेगार्डच्या पाठीवर हाच शब्द असतो. काही बोलींत त्याचे ओइगार्ड झाले. त्र्योंडेलागमध्ये त्याच अर्थाच्या दुसऱ्या जुन्या शब्दावरून आउने हे आडनाव निघाले, आणि ते तिथे फार आढळते. युरोपातील अनेक देशांनी या साथीची आठवण चित्रांत आणि चर्चमधील स्मारकांत ठेवली. नॉर्वेने ती माणसांच्या नावांत ठेवली, तीही न ठरवता. म्हणूनच ती इतकी खरी वाटते.

पुढे वाड्यांच्या वाटण्या झाल्या. उत्तरेकडचा भाग नोर्दगार्ड, दक्षिणेचा सोरगार्ड, मधला मिडगार्ड, आणि नव्याने उभारलेली वाडी नीगार्ड. सतराव्या-अठराव्या शतकांत भूमिहीन कुळांचा मोठा वर्ग तयार झाला. मालकाच्या जमिनीच्या कडेला एक खोपट आणि जमिनीचा लहान तुकडा त्यांना मिळे आणि बदल्यात मालकाच्या शेतावर राबावे लागे. या लहान जागांची नावेही साधी होती: बाक्केन म्हणजे उतार, हौगेन म्हणजे टेकाड, मोएन म्हणजे रेताड माळ, हागेन म्हणजे कुंपणाची जागा, एंगेन म्हणजे गवताळ जमीन. शब्दाच्या शेवटचा ‘एन’ हा ‘तो अमुक’ असे दाखवणारा प्रत्यय आहे आणि तो बहुधा तुलनेने उशिरा वसलेल्या जागांच्या नावांत दिसतो. म्हणून हौग हे मोठ्या, प्राचीन वाडीचे नाव असण्याची शक्यता अधिक, तर हौगेन एखाद्या कुळाच्या खोपटाचे. आज हौगेन, हागेन, बाक्केन, मोएन ही नॉर्वेतील अतिशय सामान्य आडनावे आहेत. जमीनदारांच्या नावांपेक्षा राबणाऱ्यांच्या जागांची नावे संख्येने पुढे गेली.

वरच्या वर्गाची वाट वेगळी होती. सोळाव्या शतकापासून धर्मगुरू, अधिकारी आणि व्यापारी यांच्यात कायम आडनावाची चाल डेन्मार्क आणि जर्मनीकडून आली. अनेकांची नावे परदेशातून आलेल्या पूर्वजांची होती. हेल्गेलांडचा धर्मगुरू-कवी पेटर दास याचा बाप डुंडास नावाचा स्कॉटिश व्यापारी होता. त्या नावाचे नॉर्वेत दास झाले. संगीतकार एडवर्ड ग्रीगचा पणजोबा अठराव्या शतकात स्कॉटलंडहून बर्गेनला आला आणि स्पेलिंगमधील दोन अक्षरांची अदलाबदल करून स्थिरावला. हेन्रिक इब्सेनचे आडनाव दिसायला बापाच्या नावावरचे आहे, पण ते त्याच्या बापाचे नाव नव्हे. डेन्मार्कहून आलेल्या एका जहाजाच्या कप्तानापासून ते घराण्यात गोठून राहिले होते. धंद्यावरून पडलेली आडनावे मात्र नॉर्वेत थोडी आहेत. लोहाराला लोहार म्हणत, पण त्याचा मुलगा लोहार नसेल तर ते नाव त्याला चिकटत नसे. म्योलेर, म्हणजे गिरणीवाला, यांसारखी जी नावे दिसतात ती बहुतांशी डॅनिश-जर्मन वळणाची आहेत.

सामान्य लोकांत बदल घडवला तो एकोणिसाव्या शतकातील शहरांनी. क्रिस्तियानिया, म्हणजे आजचे ऑस्लो, शतकाच्या सुरुवातीला दहा हजारांच्या आसपास वस्तीचे होते. १९०० मध्ये तिथे सव्वादोन लाखांहून अधिक लोक राहत होते. गिरणीत कामाला आलेल्या मजुराला वाडी उरली नाही, म्हणून वाडीचे नावही उरले नाही. बापाचे नाव तेवढे शिल्लक राहिले आणि शहरातील वरच्या वर्गाचे पाहून तेच मुलाबाळांना लागू लागले. लार्स ओल्सेनचा मुलगा लार्सेन न होता ओल्सेनच राहिला. मुलीही ‘दत्तर’ सोडून ‘सेन’ लावू लागल्या आणि बाई स्वतः कुणाचा तरी मुलगा असल्यासारखे नाव घेऊन वावरू लागली. या घडामोडीत खरे नुकसान बाईच्या नावाचे झाले. बापाशी जोडलेली, लग्नानंतरही टिकणारी तिची स्वतंत्र ओळख दोन पिढ्यांत पुसली गेली.

त्याच काळात राष्ट्रीय भावनेने उलटा ओढाही निर्माण केला. १९०५ मध्ये स्वीडनपासून वेगळे झालेल्या नॉर्वेत ‘सेन’ अनेकांना डॅनिश अमलाची खूण वाटे आणि वाडीचे नाव अस्सल वाटे. बोलीभाषांतून नवी लिखित भाषा घडवणारा इवार आसेन आपल्या ओर्स्ता भागातील वाडीच्याच नावाने ओळखला गेला. १८५९ मध्ये क्नुद पेडेरसेन म्हणून जन्मलेला एक मुलगा उत्तरेतील हामारोय इथल्या हाम्सुंड वाडीवर वाढला आणि लेखक झाल्यावर ते नाव लावू लागला. १८८५ मध्ये मार्क ट्वेनवरील त्याच्या लेखाखाली छापताना शेवटचे ‘द’ गळाले. त्याने ते तसेच राहू दिले. नोबेल मिळवणारा क्नुट हाम्सुन तो हाच.

१९२३ चा कायदा आला तेव्हा बरीच कुटुंबे आधीच स्थिर नावाकडे वळली होती. उरलेल्यांना निवड करणे भाग पडले. जो त्या वेळी जिथे राहत होता तिथले नाव कायमचे झाले, मग ते पिढीजात वतन असो वा दोन वर्षांपूर्वी कसायला घेतलेला तुकडा. भावाभावांनी वेगवेगळी नावे निवडल्यामुळे एका आजोबाची नातवंडे बाक्केन, बर्ग आणि हान्सेन अशी विभागली गेली. पश्चिमेकडे आणि आतल्या दऱ्यांत वाडीची नावे जिंकली. ऑस्लो खाडीच्या शहरांत आणि उत्तरेच्या किनाऱ्यावर ‘सेन’ अधिक राहिले. बायकोने नवऱ्याचे आडनाव लावावे आणि मुलांना बापाचे मिळावे, हेही याच कायद्याने बंधनकारक केले. लेखनातही वर्गभेद डोकावत राहिला. १९१७ मध्ये ‘aa’ या जोडअक्षराऐवजी ‘å’ हे नवे अक्षर अधिकृत झाले, पण अनेक घराण्यांनी जुनेच लेखन जपले. दालमध्ये एक अनुच्चारित ‘ह’ घालून ते भारदस्त करण्याची चाल इतकी पसरली की आज तेच रूप अधिक दिसते.

उत्तरेतील सामी लोकांचा अनुभव कटू होता. त्यांच्यात सारा, गाउप, एइरा, उत्सी अशी स्वतःची आडनावे होती. सरकारचे धोरण त्यांना नॉर्वेजियन करण्याचे होते. फिनमार्कमधील सरकारी जमीन विकण्याच्या १९०२ च्या नियमांनी नॉर्वेजियन लिहिता-बोलता येण्याची अट घातली आणि जमिनीला नॉर्वेजियन नाव देणे आवश्यक केले. किनाऱ्यावरच्या अनेक सामी कुटुंबांच्या वाट्याला ‘सेन’ची नावे आली, आणि नावावरून त्यांचे मूळ ओळखता येईनासे झाले. अलीकडे त्यांतील काहींनी पूर्वजांची नावे परत घेतली आहेत.

अमेरिकेत हीच नावे दुसऱ्या रीतीने गोठली. १८२५ मध्ये ‘रेस्तोरासियोन’ हे छोटे जहाज स्ताव्हांगेरहून न्यूयॉर्कला गेले. पुढच्या शंभर वर्षांत सुमारे आठ लाख लोक त्या वाटेने गेले. काहींनी बापाचे नाव धरले, काहींनी वाडीचे. मिनेसोटातील वसाहतींत ओल्सन इतके झाले की पत्रे चुकीच्या घरी जात, म्हणून कित्येकांनी मायदेशातील वाडीचे नाव पुन्हा उचलले. अमेरिकेचे माजी उपाध्यक्ष वॉल्टर मोंडेल यांचे आडनाव फ्यार्लांडमधील मुंदाल या जागेचे. जगभरच्या हॉटेलांवर झळकणारे हिल्टन हेही मुळात ऑस्लोच्या ईशान्येकडील क्लोफ्ताजवळच्या शेतवाडीचे नाव. कॉनरॅड हिल्टनचा बाप तिथून अमेरिकेला गेला होता.

नॉर्वेत १९६४ च्या कायद्याने विवाहित स्त्रीला स्वतःचे आडनाव ठेवण्याची वाट मोकळी केली. १९७९ च्या कायद्याने स्त्री-पुरुषांना समान हक्क दिले आणि पालकांनी काही कळवले नाही तर मुलाला आईचे आडनाव मिळेल असे ठरवले. आई आणि बाप दोघांचीही नावे राखण्यासाठी मधले नाव वापरण्याची पद्धत त्यातून फोफावली. बुद्धिबळपटू मॅग्नस ओएन कार्लसेन याच्या नावातील ओएन, म्हणजे बेट, हे आईकडचे वाडीनाव आणि कार्लसेन हे बापाकडचे; त्याच्या बापाचे नाव कार्ल नसून हेन्रिक आहे. एर्लिंग ब्राउट हालांड याचे ब्राउटही आईकडूनच आलेले. १ जानेवारी २००३ पासून लागू झालेल्या सध्याच्या कायद्यानुसार दोनशेहून अधिक लोक लावत असलेले आडनाव कोणीही घेऊ शकतो. त्याहून दुर्मीळ नावासाठी ते लावणाऱ्या सर्वांची संमती लागते. याच कायद्याने बापाच्या किंवा आईच्या नावापुढे ‘सेन’ वा ‘दत्तर’ जोडून दर पिढीला नवे नाव घेण्याची मुभाही परत दिली आहे.